उदा विमानवाल्याची भीड

भैरेवाडीत जाऊन उदयसिंह कुठं राहतात म्हणून विचारलंत, तर समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडं बघत राहील. उदा विमानवाला म्हणा, की घर दाखवायला दोघं तुमच्या गाडीवर मागं बसतील. आता विमानवाला म्हटलं म्हणून लगेच फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. दोन सीटांचं, कापडी पंखांचं विमान. दारं काढून ठेवली की रिक्षाएवढंच दिसतं, आणि तेही त्याचं स्वतःचं नाही. कडेगावच्या अलीकडच्या माळावर सांगलीच्या चिंतामणरावांनी आपल्या जमिनीत मुरमाची धावपट्टी केलीय. हवाई दलातून निवृत्त झालेला हौशी माणूस. त्यांची अशी दोन विमानं आहेत आणि शनिवार-रविवारी लोकांना आभाळातून फिरवून आणायचं काम उदा करतो. बाकीचे दिवस तो ऊस बघतो. चिखलातून आभाळात आणि आभाळातून चिखलात, असं त्याचं बारा वर्षं चाललंय.

वाडीतली निम्मी घरं फौजेतली, तसा उदाही मिसरूड फुटायच्या वयात भरती झाला. लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा मेकॅनिक. सगळी नोकरी नट आवळण्यात गेली. नट यानं आवळायचे आणि उडायचं साहेबांनी. पेन्शन घेऊन घरी आला तेव्हा गुडघे बोलायला लागले होते, पण मनातली उडायची ओढ काही गेली नव्हती. माळावर विमान आलंय असं कानावर आलं आणि हा मोटारसायकल काढून बघायला गेला. चिंतामणराव इंजिनात डोकं घालून बसले होते. यानं न विचारता पाना उचलला. तिथून ओळख वाढली आणि चिंतामणरावांनी त्याला शिकवायचं मनावर घेतलं. परीक्षा झाल्या, डॉक्टरी तपासण्या झाल्या. ज्या दिवशी पहिल्यांदा एकटा वर जाऊन खाली आला, त्या दिवशी चाकापाशी बसून पोरासारखा रडला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "वर कुनी न्हवतं गं. मी एकटाच." संयोगिताला त्यात एवढं रडण्यासारखं काय ते कळलं नाही, पण नवरा खूश आहे म्हणून तिनं शिरा केला.

झालं, सुख म्हणायचं ते तेवढंच. पुढं वाडीला कळलं.

उदाचा स्वभाव भिडस्त. नुसता भिडस्त म्हणून भागायचं नाही. दारात आलेल्या चुकीच्या माणसाला "तुमी घर चुकलाय" म्हणायला याची जीभ रेटायची नाही, आधी पाणी देईल, चहा देईल आणि मग त्या माणसालाच कधीतरी शंका येईल. भीड ही भिकेची बहीण, हे त्याला वाढवणाऱ्या काकीनं लहानपणापासून शंभरदा ऐकवलं होतं. काही उपयोग झाला नाही. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी भावकी आली. भावकीमागनं पाहुणे आले, पाहुण्यांचे पाहुणे आले. लग्नातला नवरदेव आला, त्याचा फेटा वाऱ्यानं सुटून प्रोपेलरच्या अंगावर जाता जाता राहिला. निवडणुकीला उभा असलेला एकजण आला आणि आपल्याच सभेवर आपल्याच हातानं फुलं टाकून गेला. हरिबा नावाचा म्हातारा आला, तो वर गेल्यावर निसर्ग बघेना. आपल्या शेताच्या डोक्यावर फेऱ्या मारायला लावून खाली बोट करून ओरडायला लागला, "बग, बग, बांध कोरलाय का न्हाई त्यानं?" दुसऱ्या शनिवारी बांधापलीकडचा भाऊबंद हजर. त्यालाही वरनं बांध बघायचा होता. उदानं त्यालाही नेलं. आता सांगा, भावाभावांचा बांध आभाळातून सरळ होतो होय? दोघंही खाली उतरून पहिल्यापेक्षा मोठ्यानं भांडले आणि दोघांनीही साक्षीला उदाचं नाव सांगितलं.

असं करता करता माणूस दमला. चोरून-लपवून सांगण्यात अर्थ नाही, उदा विमानाला वैतागला होता. रविवारी संध्याकाळी घरी आला की ताटावर बसल्या बसल्या मान खाली जायची. कमरेत उसण भरलेली असायची. फोन वाजला की उचलायच्या आधी दोनदा घंटी वाजू द्यायचा, कारण पलीकडून कुणीतरी म्हणणारच असायचं, "नाना, जरा आमच्या पोराला..." आणि हा म्हणणार, "या की." फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडायचा, बैलावर ओरडायचा, आणि शनिवारी पहाटे पुन्हा मोटारसायकलला किक मारायचा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

संयोगिताची काळजी वेगळी होती. मागच्या उन्हाळ्यात कुणाचा तरी जावई भर दुपारी आला. दांडगा गडी, सीटमध्ये मावत नव्हता. तापलेल्या हवेत एवढं वजन उचलत नाही हे उदाला नोकरीपासून ठाऊक होतं. पण जावई सासुरवाडीला आलेला, सोबत सासू-सासरे, मेव्हण्या. उदा न्यायला तयार झाला. विमान धावपट्टीच्या शेवटापर्यंत गेलं तरी जमीन सोडेना. सोडली ती कुंपणाच्या तारेवरून हातभर. त्या दिवशी उदा घरी आला, जेवला नाही, आणि बायकोनं खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"आवं, तुमाला न्हाई म्हनाय येत न्हाई ती गोष्ट लय झाली," संयोगिता म्हणाली. "आजवर च्या-पान्यावर भागलं. हे विमान हाय. एक दिवस तुमच्या ह्या भिडंपायी कुनाचा तरी जीव जाईल. मंग काय सांगनार हाय तुमी त्याच्या घरी जाऊन?"

उदानं मनाशी ठरवलं की पुढच्या खेपेला स्पष्ट नाही म्हणायचं. ते ठरवणं उसाला तुरे येऊन फड तुटेपर्यंत टिकलं, कारण मध्ये नाही म्हणायची वेळ आणणारं कुणी आलंच नाही.

चैत्रात भैरोबाची यात्रा. पालखी, सासनकाठ्या आणि गुलाल-खोबरं. आमच्याकडच्या यात्रेचा गुलाल म्हणजे काही टिळ्यापुरता नसतो. पोत्यांनी उधळतात. देवळाच्या पायऱ्या, माणसं, म्हशी, एस.टी.ची काच, सगळं गुलाबी होतं आणि आठ दिवस कानातून गुलाल निघतो. यात्रा कमिटीचा अध्यक्ष जयराज, उदाचा चुलतभाऊ, काकीचा थोरला मुलगा. सरपंचही तोच. पंधरवडा आधी तो उदाच्या सोप्यात येऊन बसला.

"दादा, आईचा नवस हाय," तो म्हणाला. "तिचा नातू, आपला वीरधवल, सीमेवरनं धडधाकट सुट्टीवर आला तर पालखीला गुलाल वाहीन म्हनून बोलली हुती. आला पोरगा. आता मी काय म्हनतो, तुज्या विमानातनं टाकू की आईच्या हातनं. भैरोबाला तरी कवा मिळालाय असा गुलाल?"

गुलाल म्हणजे कोरडी भुकटी. उघड्या विमानातून हात बाहेर काढून भुकटी टाकली की वारा तिला खाली जाऊ देत नाही, फिरवून आत आणतो. एवढं वाक्य बोलून "म्हनून न्हाई" म्हटलं असतं तर विषय तिथंच संपत होता. उदा म्हणाला, "परवानगी फुलांची मिळती गड्या. पाकळ्या टाकू. हवं तर पाकळ्यास्नी गुलाल चोळू."

"चालंल की," जयराज म्हणाला. "आईला लय हौस हाय दादा, तुज्या विमानात बसायची."

इथं काकीचं सांगायला हवं. चंद्राबाई ही उदाची चुलती. उदा रांगता होता तेव्हा त्याची आई गेली. काकीनं जयराजला एका मांडीवर आणि उदाला दुसऱ्या मांडीवर घेऊन दोघांना सारखंच वाढवलं, सारखंच बडवलं. जगात कुणाला नाही म्हणणं उदाला अवघड असेल, तर काकीला नाही म्हणणं त्याला अशक्य होतं. तरीही तो तिच्याकडं गेला. ती ज्वारी निवडत बसली होती.

"काकी, विमानात बसायचं म्हनतीस?"

"तू म्हनशील तसं," सुपातून वर न बघता काकी म्हणाली.

"पाकळ्या टाकायच्या हां. गुलाल चोळलेल्या."

"तू म्हनशील तसं बाबा."

म्हातारी लाजतेय, असं उदाला वाटलं. बरंही वाटलं. इतक्या लोकांना नेलं आणि जिनं वाढवलं तिला कधी विचारलंच नाही, याची लाजही वाटली. घरी येऊन त्यानं संयोगिताला सांगितलं.

"गुलाल न्हाई म्हनून तोंडानं सांगितलं का तुमी?"

"पाकळ्या म्हनलं की."

"मी काय इचारतीया आन तुमी काय सांगताय," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.

यात्रेच्या दिवशी सकाळी जयराजच्या जीपमधून काकी धावपट्टीवर आली. नवं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि एक हात पोटाशी घट्ट. वर न्यायच्या माणसाचे खिसे रिकामे करून घ्यायची चिंतामणरावांची सक्त पद्धत होती. किल्ल्या, नाणी, काड्यापेटी, सगळं बाहेर काढून मगच पट्टा बांधायचा. उदा कधी त्यात चुकला नव्हता. नवरदेवाच्या खिशातून त्यानं सुपाऱ्यासुद्धा काढल्या होत्या. काकीला पट्टा बांधताना तिच्या लुगड्याच्या ओट्यात, पोटाशी खोचलेल्या घडीत, काहीतरी फुगलेलं त्याला दिसलं. क्षणभर त्याचा हात थांबला. आता चुलतीच्या ओट्यात काय आहे म्हणून कसं विचारायचं? देवाचा नारळ असेल, खणाची घडी असेल. बायकांचा ओटा हा काय शर्टाचा खिसा आहे? त्यानं पट्टा ओट्याच्या वरून घेतला आणि आवळला. तिथं चुकला.

त्यात पालखी निघेना. खांदा आधी कुणी द्यायचा यावरून दोन आळ्यांचा मान अडला होता. दर वर्षी अडतो. दर वर्षी कुणीतरी म्हातारं माणूस मध्ये पडतं, मग दोन्ही आळ्या एकदम खांदा देतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा भांडायला मोकळ्या होतात. जयराजचे फोनवर फोन, "निगतीया दादा, आता निगतीया." ऊन चढत गेलं. माळावर धुळीचे भोवरे उठायला लागले. चिंतामणराव टोपी सारखी करत जवळ आले.

"उदयसिंह, हवा खराब व्हायला लागलीय," ते म्हणाले. "म्हातारं माणूस आहे बरोबर. तुम्हाला योग्य वाटत नसेल तर नका जाऊ. मी सांगतो सरपंचांना."

म्हणजे नाही म्हणायचं ओझंसुद्धा दुसरा माणूस आपल्या डोक्यावर घ्यायला तयार होता. उदानं काकीकडं बघितलं. ती पट्ट्यात बांधलेली, समोर बघत, ओठांनी भैरोबाचं नाव घेत होती. एवढी नटून आली, हिला आता उतर कसं म्हणू? तेवढ्यात फोन आला, पालखी उठली. उदानं इंजिन सुरू केलं.

वर हवेनं खेळ मांडलाच होता. विमान हिंदकळत होतं, खाली जात होतं, पुन्हा उचलत होतं. काकीनं डोळे गच्च मिटले होते आणि सीटेशेजारची सांगाड्याची नळी धरून ठेवली होती. दहा मिनिटांत वाडी आली. देवळाभोवती नुसती मुंग्यांसारखी माणसं, उंच सासनकाठ्या, आणि मध्ये पालखीचा लाल ठिपका. उदानं उंची कमी केली, वेग सांभाळला आणि ओरडून सांगितलं, "टाक काकी!"

काकीनं डोळे उघडले. पिशवीतल्या पाकळ्या मुठीमुठीनं बाहेर टाकल्या. काही खाली गेल्या, काही फिरून आत येऊन दोघांच्या मांडीवर पडल्या. उदाला हायसं वाटलं. एक वळण घेऊन परत फिरावं म्हणून त्यानं विमान कलतं केलं. त्याची नजर डाव्या पंखाकडं होती. उजवीकडं काकीनं ओट्यातून कागदाचा पुडा काढला, दातानं फाडला, कपाळाला लावला, डोळे मिटले आणि हात बाहेर काढून मोकळा केला.

वाऱ्यानं तो गुलाल उचलला, थोडा मागं ओढून नेला आणि बाकीचा जिथून आला तिथं, आत, भरून टाकला.

उदाला आधी काही कळलंच नाही. सगळं गुलाबी झालं आणि मग काहीच उरलं नाही. डोळ्यांत निखारे घातल्यासारखी आग झाली. तोंडात, नाकात गुलाल. त्यानं डोळे उघडायचा प्रयत्न केला, पापण्या ऐकेनात. विमान अजून कललेलं होतं आणि खाली देऊळ होतं, माणसं होती. आपण मेलो, याचं त्याला त्या क्षणी काही वाटलं नाही. काकी मेली, हे वाटलं. संयोगिता कशाची भीती घालत होती ते आता शेजारच्या सीटवर बसून खोकत होतं.

डोळे नव्हते तरी हात होते. विमान वळवायचा दांडा त्यानं हळूहळू मधे आणला. कुल्ल्याखालचा भार दोन्हीकडं सारखा लागतोय का ते बघितलं. इंजिनाचा आवाज वाढवला, नाक थोडं वर घेतलं, आणि उजव्या कानावर येणारा वारा डाव्याइतकाच होईपर्यंत थांबला. असं डोळे मिटून फार वेळ उडता येत नाही. माणसाचं अंगच माणसाला फसवतं, हे त्याला शिकवलेलं होतं.

"काकी," तो म्हणाला, "डोळं."

काकीनं एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं पदराचं टोक घेतलं, पायाशी अडकवलेल्या बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं, त्याच्या डोळ्यांवर पिळलं. दुसरं टोक घेतलं, त्याचा बोळा केला, तोंडाशी धरून त्यात गरम वाफ सोडली आणि त्याच्या डोळ्याला लावला. पुन्हा वाफ, पुन्हा डोळा. पोरांच्या डोळ्यात कुसळ गेलं की जे करायचं तेच. उदाच्या डाव्या डोळ्याची फट उघडली. पाण्यातून बघावं तसा सागरेश्वरचा डोंगर दिसला, आणि तो सरळ दिसला. उदाच्या तोंडातून हुंदका बाहेर पडला.

त्या एका फटीवर त्यानं विमान माळापर्यंत आणलं. उतरताना दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा टेकलं. इंजिन बंद झाल्यावर काकीनं पट्टा कसा सोडायचा ते विचारलं, तेवढंच.

आणि इकडं वाडीत काय झालं म्हणाल, तर जल्लोष. खालून लोकांना दिसलं ते एवढंच, की विमानाच्या मागं गुलालाचा लांबलचक पट्टा निघाला आणि पालखीवर विरत गेला. असं कुणी बापजन्मात बघितलं नव्हतं. जीपा आणि मोटारसायकली ढोलासकट धावपट्टीवर येऊन थडकल्या. पोरांनी उदाला खांद्यावर घेतलं, वर अजून गुलाल टाकला. त्याचे डोळे लालभडक, गालावरून पाण्याच्या धारा. जयराज गर्दीला सांगत होता, "बगा, दादाला रडू आवरंना. देवाची किरपा." तिथल्या तिथं तिघांनी पुढच्या वर्षीचे नवस बोलून टाकले. एकाला तर हळदीचा भंडारा टाकायचा होता. हसावं की रडावं? चिंतामणरावांनी गर्दीतून वाट काढली, उदाला खाली उतरवलं, नळाखाली नेलं आणि एवढंच म्हणाले, "आधी डोळे धुवा. बोलायचं ते नंतर बोलू."

डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातले, बुबुळ वाचलंय म्हणाला. दिवस मावळायला उदा काकीच्या घरी गेला. त्याला आज खरं सांगायचं होतं. एवढं झाल्यावरही खरं सांगितलं नाही तर पुढच्या चैत्रात दुसऱ्या कुणाची तरी आई त्याच सीटवर बसणार होती, हे त्याला उन्हाइतकं लख्ख दिसत होतं. काकी सोप्यात भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. लुगडं बदललेलं होतं, पण केसांत अजून गुलाल होता.

"काकी, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"वर मला दिसत न्हवतं. त्वा गुलाल टाकल्यावर मी आंधळा झालतो. तुला घिऊन पडलो असतो मी."

काकीनं पायांवरचं लुगडं सारखं केलं. "कळलं हुतं मला," ती म्हणाली. "मी मारलं असतं तुला."

"तू न्हाई. मी. गुलाल चालत न्हाई, वारा आत आनतोय, हे मी तोंडानं सांगाय पायजे हुतं. मी पाकळ्या पाकळ्या करत बसलो. सकाळी हवा बी खराब हुती. तरी निगालो."

"मंग का निगालास?"

"तुजी हौस हुती म्हनून."

"माजी?" काकी पाय ओढून सरळ बसली. "मला कसली रं हौस? माळ्यावर चढायचं म्हनलं तर माजं पाय लटलट कापत्यात. नवस गुलालाचा हुता. देवळाच्या पायरीवर हुबं ऱ्हाऊन माज्या हातानं पालखीवर मूठभर टाकायचा, बास. जयराज म्हनला, दादाच्या लय मनात हाय तुला विमानात बसवायचं. म्हनला, न्हाई म्हनलीस तर दादाला वाईट वाटंल. मी म्हनलं, आईयेगळं पोरगं, त्याचं मन कशाला मोडा. म्हनून बसले. डोळं मिटून बसले."

"आन गुलाल?" उदानं विचारलं.

"नवसाचा गुलाल माज्या हातनं सुटाय नगो व्हय? पाकळ्याचा नवस कुनी बोललं हुतं? तू पाकळ्या म्हनलास, आता तुला न्हाई कसं म्हनू, म्हनून बोलले न्हाई. ओट्यात घिऊन आले." तिनं उदाकडं बघितलं. "तू नगो म्हनला असतास तर मी काय मरनार हुते का रं? उलट देवाला हात जोडलं असतं."

बाहेर ढोल अजून वाजत होता. उदा गुडघ्यांत हात घालून बसला.

"सगळी वाडीच म्हनती," काकी पुढं बोलत राहिली, "उदाला लय आवड हाय लोकास्नी फिरवायची. न्हाई गेलं तर रुसंल. हरिबा तर गेला घाबरून, धोतर धरून. म्हनला, बोलावलंय त्यानं, जायाला पायजे. तुज्या विमानात बसून आलेलं निम्मं गाव अंगारा लावून आलतं बाबा. तुला कुनी सांगितलं न्हाई एवढंच."

उदाला हरिबाला आपण बोलावल्याचं आठवेना. पण फोनवर म्हटलेलं "या की" त्याला आठवलं, आणि ते ऐकणाऱ्याला कसं वाटलं असेल, हे बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात आलं. त्याला स्वतःची चीडही आली आणि हसूही आलं.

तेवढ्यात जयराज आत आला. नखशिखांत गुलाबी, आवाज बसलेला. "दादा, हितं हायस व्हय. कमिटीनं ठराव केलाय बग. फुडच्या वर्साला दोन्ही विमानं. एकातनं गुलाल, एकातनं भंडारा. चिंतामणरावास्नी तू बोल."

उदा उठून उभा राहिला. त्याची छाती कुंपणाच्या तारेवरून गेलेल्या दुपारीसुद्धा एवढी धडधडली नव्हती. आता जयराज काय म्हणेल, कमिटी काय म्हणेल, भावकीत तोंड कसं दाखवायचं, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं.

"न्हाई," तो म्हणाला. "यात्रेला मी विमान आननार न्हाई. फुडच्या वर्सी न्हाई आन त्याच्या फुडं बी न्हाई."

जयराजनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "न्हाई तर न्हाई." आणि टॉवेलनं मान पुसत काकीकडं वळला. "आई, च्या ठिव की जरा. घसा पार बसला. मला बी वाटलंच हुतं, दादा दमला असंल म्हनून. पर इचारलं न्हाई तर त्याला राग यायचा, म्हनून इचारलं आपलं."

काकी चहा ठेवायला आत गेली. जयराज कट्ट्यावर आडवा झाला आणि दोन आळ्यांचा मान शेवटी कसा मिटला ते सांगायला लागला. उदा उभाच होता. भांडायची सगळी तयारी करून तो आला होता, आणि भांडायला समोर कुणीच नव्हतं. या बारा वर्षांत कधीच नव्हतं.